रोगी, नोंद आणि हिशेब

(ज्युबिली महोत्सवाच्या निमित्तानें नावडे येथें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं गतकालाचें स्मरण करणें जितकें उचित, तितकेंच पुढील पिढीच्या वाटेचा विचार करणेंही अगत्याचें आहे. आमचीं मुलेंमुली आतां पदवीधर होत आहेत, आणि पुढें काय शिकावें हा प्रश्न घरोघरीं निघतो. त्यांत हल्लीं एका नव्या विद्येचें नांव वारंवार कानीं येतें. तें म्हणजे आरोग्यमाहितीशास्त्र व व्यवसाय-विश्लेषण यांचा संयुक्त पदव्युत्तर अभ्यास. इंग्रजींत ज्यांस हेल्थ इन्फर्मॅटिक्स व बिझनेस अॅनॅलिटिक्स म्हणतात त्या दोहोंचा संगम. नांव लांबलचक आहे आणि फीही थोडी नसते. यास्तव ही विद्या आहे तरी काय, आणि ती कोणीं व कोणत्या बुद्धीनें शिकावी, याविषयीं आम्ही दोन शब्द बोलूं इच्छितों.

रोगी दवाखान्यांत आला म्हणजे त्याचें वय, त्याची तक्रार, तपासणीचे आंकडे, दिलेलें औषध, हें सर्व कोठें तरी लिहिलें जातें. हें लिहिलेलें एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे अर्थ न बदलतां जावें, वेळेवर सांपडावें आणि नको त्याच्या हातीं पडूं नये, हें पाहणारें शास्त्र तें आरोग्यमाहितीशास्त्र. रोगांस सर्वत्र एकच सांकेतिक अंक असावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें जें रोगवर्गीकरण केलें आहे, त्याची अकरावी आवृत्ति १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. अशा वर्गीकरणांचें ज्ञान या शास्त्रांत लागतें. व्यवसाय-विश्लेषण त्याच नोंदींकडे व्यवस्थापकाच्या दृष्टीनें पाहतें. कोणत्या वारीं गर्दी होते, किती खाटा रिकाम्या राहतात, कोणतें औषध अकस्मात् संपतें व कोणतें मुदत टळून वायां जातें, हें तें आधींच ताडूं पाहतें. संख्याशास्त्र, संगणक आणि जमाखर्च हीं त्याचीं साधनें. एक विद्या रोग्याची विचारपूस करते, दुसरी संस्थेचा संसार सांभाळते.

ही सांगड वाटते तितकी नवी नाहीं, आणि आम्हां ख्रिस्ती लोकांस ती परकीही नाहीं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा नियम घालून दिला, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मृतांची वहीही त्यांत आणली. लंडन शहरींही धर्मग्रामांचे कारकून जन्ममृत्यूंचीं पत्रकें तयार करीत. तीं जॉन ग्रॉंट नांवाच्या एका व्यापाऱ्यानें जमविलीं आणि दुकानांतील हिशेबाची रीत त्यांस लावली. १६६२ सालीं त्यानें जें पुस्तक छापलें, त्यांत जन्मलेल्या शंभर मुलांपैकीं सुमारें छत्तीस मुलें सहा वर्षांचीं होण्यापूर्वींच दगावतात, असा अंदाज होता. पुढें हा ग्रॉंट कॅथॉलिक झाला. धर्मग्रामाची वही आणि दुकानदाराचा हिशेब यांची ही भेट म्हणजे आजच्या या संयुक्त अभ्यासाचें बीजच म्हणावयास हवें.

परंतु हिशेब कितीही चोख असला तरी मूळ नोंदच खोटी असेल तर काय? याचें उत्तर आपल्याच महाराष्ट्रांत मिळालें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें १९८८ सालीं गांवोगांव जन्ममृत्यू मोजले, तेव्हां हजार जन्मांमागें १२१ अर्भकें वर्षाच्या आंत मरतात असें आढळलें. पुष्कळ बालकें न्युमोनियानें जात. त्याची खूण म्हणजे जलद श्वास. पण आंकडे न शिकलेल्या दाईनें श्वास मोजावे कसे? यासाठीं वाळूचें घड्याळ व मण्यांच्या रांगा असलेलें एक साधें यंत्र योजण्यांत आलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा आणि वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले तें पाहावयाचें. संगणकावांचून झालेलें हें उत्तम माहितीशास्त्रच होय. कारण नोंद करणाऱ्या हाताचा विचार त्यांत प्रथम केला होता.

पुढें १९९५ ते १९९८ या काळांत एकोणचाळीस गांवांतील शिकविलेल्या स्त्रियांनीं घरोघरीं जाऊन नवजात बालकांस वजन करून, तपासून उपचार दिले, आणि शेजारचीं सत्तेचाळीस गांवें तुलनेसाठीं घेतलीं. तिसऱ्या वर्षीं नवजात बालकांचे मृत्यू तुलनेनें ६२ टक्के कमी झाले. हा वृत्तान्त १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून ही घरगुती बालसेवा देशाच्या आरोग्य कार्यक्रमांत आली. मध्यंतरीं २००१ सालच्या 'कोवळी पानगळ' या अहवालानें राज्यांतील पुष्कळ बालमृत्यू सरकारी कागदावर येतच नाहींत, हें उघड केलें. जें बालक वहींत मेलें नाहीं, त्याच्यासाठीं कोणी औषधही धाडीत नाहीं. चुकीचा आंकडा हा निरुपद्रवी नसतो, तो जीव घेतो.

आतां दुसरी बाजू. केवळ व्यवसायाचें गणित शिकलेल्या मनुष्यास रिकामी खाट हा तोटा आणि रेंगाळणारा रोगी हा भार दिसूं लागतो. उलट केवळ दयाबुद्धीनें चालविलेला, पण हिशेब न ठेवणारा दवाखाना एके दिवशीं औषधावांचून बसतो. म्हणूनच दोन्ही विद्या एकाच मस्तकांत नांदाव्या. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालें आणि नागरिकांस चौदा अंकी आरोग्यक्रमांक मिळूं लागला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला. परंतु दुसऱ्याचें दुखणें चव्हाट्यावर मांडूं नये, ही शिकवण कायद्याच्याही आधींची आहे. ती ज्यास घरीं मिळाली नाहीं, त्याच्या हातीं हे दप्तर देणें धोक्याचें.

तरुणांनो, ही विद्या अवश्य शिका. परिचारिका, औषधशास्त्राचे पदवीधर, वाणिज्य शाखेचे विद्यार्थी, या सर्वांस तींत वाव आहे. आणि ज्या भगिनींनीं रात्रपाळींत रोग्याच्या उशाशीं बसून तक्ते भरले आहेत, त्यांचा अनुभव तर मोठें भांडवल आहे. पवई येथील आयआयटींत २०२१ सालीं डिजिटल आरोग्याचें केंद्र स्थापन झालें. आपल्या जवळच्या खारघर येथें टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधनाची संस्था आहे. परदेशींही असे अभ्यासक्रम पुष्कळ आहेत; मात्र कर्ज काढण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. विद्यार्थ्यांस खऱ्या रुग्णालयांत काम करावयास मिळतें काय? शिकविणारांत वैद्यक व हिशेब दोन्ही जाणणारे आहेत काय? आणि मागील विद्यार्थी आज कोठें व किती वेतनावर आहेत? उत्तर संदिग्ध मिळाल्यास जाहिरातीस भुलूं नये. बापानें कष्टानें जमविलेली पुंजी नुसत्या नांवावर उधळण्यासाठीं नसते.

आणि शिकून कामावर रुजू झाल्यावर इतकें ध्यानीं ठेवावें कीं, पडद्यावरील प्रत्येक रांगेमागें कोणा आईचें मूल, कोणा मुलाचा बाप निजलेला आहे. ती रांग खरी लिहिणें हीच त्याची पहिली शुश्रूषा होय.