बदलत्या तबकडीचे घड्याळ

घड्याळाला पोट असते आणि तोंड असते. पोटात काय चालले आहे याची पंचाईत आपण सहसा करीत नाही. पण तोंडही आपण दुकानदाराने दिले तसेच पत्करतो, याचे मला नवल वाटते. कुणाच्या घड्याळावर सराफाची जाहिरात, कुणाच्या घड्याळावर धबधब्याचे चित्र. लग्नात आहेर म्हणून आलेले घड्याळ एकदा भिंतीवर चढले की खिळा निघेपर्यंत ते तसेच. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे पान आपण महिन्याला उलटतो, दारापुढची रांगोळी रोज नवी काढतो. घड्याळाची तबकडी मात्र जन्मभर एकच. ती बदलता येते. थोडा पुठ्ठा, थोडे कापड आणि एक दुपार एवढ्यावर येते. ती का बदलावी आणि कशी बदलावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सांगताना गाव डोळ्यांपुढे ठेवले आहे ते भिवंडी. ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव. १८५७ नंतरच्या काळात उत्तरेतून आलेली विणकर कुटुंबे येथे स्थिरावली, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले, आणि आज गावाच्या कितीतरी गल्ल्यांत धोट्यांची खटखट ऐकल्यावाचून पाऊल टाकता येत नाही. पुष्कळ कारखान्यांत बारा बारा तासांच्या दोन पाळ्या चालत आल्या आहेत. आता गंमत पाहा. घड्याळाचा तासकाटा बारा तासांत बरोबर एक फेरा करतो. म्हणजे मागावरच्या माणसाच्या लेखी तासकाट्याचा एक फेरा ही एक पाळी झाली. पण काटा सातावर आला तर ते सकाळचे सात की संध्याकाळचे, हे तबकडी सांगत नाही. एरवी आपण खिडकीबाहेर पाहतो आणि कळते. ज्या घरात बाप रातपाळी करून सकाळी येतो आणि दिवसा झोपतो, त्या एका खोलीच्या घरातल्या लहान मुलाला बाहेर ऊन दिसत असते आणि घरात मात्र रात्र चाललेली असते. "अब्बा कधी उठणार?" हा त्याचा प्रश्न काही उगाच नसतो.

अशा घरासाठी दोन बाजूंची तबकडी करावी. एका बाजूला पांढरी जमीन, दुसऱ्या बाजूला गडद निळी. बापाची दिवसपाळी असेल त्या आठवड्यात पांढरी बाजू पुढे. रातपाळी लागली की निळी पुढे, आणि तिच्यावर झोपेचे तास म्हणून सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत एक रुंद पिवळा पट्टा काढलेला. काटा पट्ट्यावर आहे तोवर हळू बोलायचे, डबे वाजवायचे नाहीत, पट्टा सोडला की हाक मारायची. पाच वर्षांच्या मुलालाही हे समजते. त्याला आकडे येण्याची गरज नाही. तबकडी उलटण्याचे काम त्याच्याकडेच द्यावे.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी जरा कान द्यावा. मोबाइलवर वेळ आकड्यांत येते. सात, मग दोन ठिपके, मग पंचेचाळीस. मूल ती घडाघडा वाचते, पण "पावणेआठला ये" म्हटले की गडबडते. त्यात मुलाची चूक नाही. सव्वा, साडे आणि पावणे ही आपली मापे पूर्ण वस्तूचा चौथा भाग डोळ्यांसमोर धरून बोलतात, आणि तो चौथा भाग आकड्यांच्या ओळीत दिसतच नाही. गोल तबकडीवर तो दिसतो. म्हणून शाळेतली पहिली तबकडी भाकरीची असावी. बाजरीच्या भाकरीचा रंग, तिचे चार चतकोर, बारा आकडे कडेला. मिनिटकाट्याने एक चतकोर खाल्ला की सव्वा, दोन खाल्ले की साडे, एकच उरला की पुढच्या तासाचे पावणे. मुले हे एका तासात शिकतात, आणि जेवणाच्या सुटीपूर्वीचा तास असेल तर फारच लवकर शिकतात.

तबकडी बदलण्याची कल्पना कुणाला आजकालची चैन वाटेल. तसे नाही. सोळाव्या शतकात युरोपी घड्याळे जपानात पोहोचली तेव्हा तेथल्या कारागिरांपुढे पेच पडला. त्यांच्याकडे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग धरण्याची रीत होती. उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब आणि हिवाळ्यात आखूड. आपल्या प्रहरांचेही तसेच की. मग त्यांनी सरकवता येणाऱ्या खुणांची आणि ऋतूप्रमाणे बदलावयाच्या पट्ट्यांची घड्याळे केली. १८७३ च्या जानेवारीत जपानने सारख्या तासांची युरोपी पद्धत घेतली, तोवर ती चालली. माणसाने आपला दिवस घड्याळाला न जुळवता घड्याळाचे तोंड आपल्या दिवसाला जुळवले, असा हा प्रकार.

आपल्याकडेही घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा एक नाहीत. भारतीय प्रमाणवेळ ही साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. भिवंडी त्रेहात्तर अंशांच्या जरा पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सरासरी अडतीस मिनिटांचे अंतर पडते. ही प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईने आपली जुनी वेळ सहजी सोडली नाही. एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ती मुंबईची वेळ १९५५ पर्यंत तेथे पाळली जात होती. तेव्हा भिवंडीच्या शाळेच्या अंगणात काठी उभी पुरली, तर तिची सावली सर्वांत आखूड होते ती सरासरीने बारा वाजून अडतीस मिनिटांनी. पण ही वेळही वर्षभर एक राहत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी ती सुमारे बारा वाजून बावीस मिनिटांवर येते, फेब्रुवारीच्या मध्यास बारा वाजून बावन्न मिनिटांवर जाते. अर्ध्या तासाचा हा फरक काठी आणि खडू यांनी मुलांना स्वतः मोजता येतो. मोजला की त्या महिन्याच्या तबकडीवर मिनिटांच्या कडेला एक लहान सूर्य काढावा. नोव्हेंबरचा सूर्य एका जागी, फेब्रुवारीचा दुसऱ्या जागी. मग तबकडी दर महिन्याला का बदलली, हे मुलांना विचारावे. उत्तर तीच देतील.

आता करावयाचे कसे ते सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

बाजारात घड्याळाचे तयार मशीन मिळते. काळ्या प्लॅस्टिकची साधारण साडेपाच सेंटिमीटर चौरस डबी, तिच्यातून पुढे आलेला आट्यांचा दांडा, एक नट, एक वायसर आणि तीन काटे. आत क्वार्ट्झचा एक बारीक तुकडा असतो. सेलच्या विजेने तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या विचित्र दिसते, पण तिची निम्मी, तिची निम्मी अशी पंधरा वेळा करीत गेलात तर बरोबर एक उरतो. मशीनही तेच करते, म्हणून सेकंदकाटा सेकंदाला एकदा हलतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून हा भागाकार फळ्यावर करून घ्या. मशीन घेताना मात्र दुकानदाराला 'लांब दांड्याचे' असे सांगून घ्यावे. ते का, ते आता कळेल.

बहुतेक घड्याळांत तबकडी बदलायची तर काटे उपटावे लागतात. दहा वेळा उपटले की काट्यांची भोके सैल होतात आणि मिनिटकाटा साडेसहाकडे लोंबकळतो. ते टाळायचे. त्यासाठी मशीन तबकडीला न बसवता मागच्या पाटाला बसवा. तीस सेंटिमीटर चौरस प्लायचा तुकडा घ्या, मधोमध आठ मिलिमीटरचे भोक पाडा, मागून मशीन, पुढून वायसर आणि नट. नंतर काटे, आधी तासाचा, मग मिनिटाचा, शेवटी सेकंदाचा, आणि तिन्ही बारावर धरून बसवायचे. पाट आणि तासकाटा यांच्यामध्ये निदान अर्धा सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. लांब दांडा त्यासाठी.

तबकडी म्हणजे चोवीस सेंटिमीटर व्यासाचा पुठ्ठा. बारा भाग करायला कोनमापकही नको. ज्या बारा सेंटिमीटरवर कंपास उघडून वर्तुळ काढले, तोच कंपास न हलवता परिघावर टाकत गेलात तर बरोबर सहा पावले पडतात. प्रत्येक पावलाचे दोन भाग केले की झाले बारा. मग सहाच्या जागेपासून मध्यापर्यंत दीड सेंटिमीटर रुंद फट कापायची, मध्याशी नट मावेल इतकी गोलाई द्यायची. बंडीच्या गळ्याला चीर असते ना, तशी, फक्त खाली तोंड केलेली. ही तबकडी वरून खाली, काट्यांच्या मागून सरकवली की दांडा फटीतून मध्यावर येतो आणि तबकडी जागी बसते. काट्यांना हात लावावा लागत नाही. उलटी करूनही ती तशीच बसते, हे रातपाळीच्या घराला सोयीचे. पाटाच्या वरच्या कडेला खिडकीला असते तशी एक फिरती पट्टी ठोका, म्हणजे तबकडी पुढे झुकणार नाही.

फट उघडी दिसते, हा एक दोष राहिला. त्याला उपाय असा. फटीत बसेल एवढी लाकडी पट्टी पाटावरच चिकटवून टाका. तबकडी तिच्यावरून सरकत येते, फटही बुजते, आणि तबकडी गोल फिरतही नाही. ही पट्टी तपकिरी रंगवली की झाडाचे खोड होते. मग तबकडीवर माघात आंब्याचा मोहोर काढा, फाल्गुनात पळस काढा, श्रावणात नुसती हिरवी पाने काढा. खोड भिंतीवरच राहील आणि झाड बदलत जाईल.

वर लावायला भिवंडीत कापडाला काय तोटा! तागे कापताना उरलेले कोरे कापड पुठ्ठ्यावर खळीने ताणून चिकटवावे. सायझिंगच्या कारखान्यात ताण्याला कांजी देतात त्याच जातीचे हे काम. पण पावसाळ्यात खळीला बुरशी येते आणि झुरळे लागतात. पुस्तके बांधणारे लोक तीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, तेव्हा खळ मोठ्या माणसाने शिजवावी आणि भांडे वेगळे ठेवावे.

सजावटीबद्दल माझे मत थोडे कडक आहे. घड्याळावर पहिला हक्क काट्यांचा. चौकड्यांच्या लुंगीचे कापड हाताला कितीही सुरेख लागो, त्याच्या उभ्या-आडव्या रेघांत काळे काटे हरवून जातात. बाजारात वारली चित्रांची घड्याळे मिळतात. गेरूची जमीन, तीवर पांढरी माणसे आणि काटेही पांढरे. तारप्याचा नाच छान दिसतो, वेळ मात्र दिसत नाही. नाचणारी माणसे कडेला फेर धरू द्या, काट्यांच्या वाटेत त्यांना आणू नका. भिवंडी तालुक्याच्या पाड्यांवर ज्यांच्या घरच्या भिंती अशा रंगवल्या जात, त्यांच्या मुलांना ही तबकडी करायला सांगा. फेर कसा धरतात ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. तबकडी झाली की दहा पावले मागे जाऊन, डोळे बारीक करून पाहा. काटे आधी दिसले तर ठीक. फूल आधी दिसले तर फुलाचा रंग फिका करा.

आणखी एक तबकडी सुचवतो. भिवंडीत मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा आहेत. एकाच गल्लीतली मुले वेगवेगळ्या फाटकांतून आत जातात. एका शाळेने आपल्या लिपीच्या आकड्यांची तबकडी करावी आणि महिनाभर शेजारच्या शाळेला द्यावी. उर्दूतला एक म्हणजे उभी रेघ, पाच म्हणजे पिंपळपान उलटे धरावे तसा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे, आपल्यासारखेच. जागा ठाऊक असल्यामुळे मुलाला आकडा न शिकवता वाचता येतो. तीनाच्या जागी जे आहे ते तीनच असणार. महिन्याच्या शेवटी दुकानाच्या पाटीवरचा किंवा बसवरचा आकडा त्याला वाचता आला तर पाहा.

एवढ्या सगळ्या तबकड्या ठेवायच्या कुठे, असे कुणी विचारील. पाटाच्या मागे कापडाची एक पिशवी ठोकावी. दहा-बारा सहज मावतात. फक्त मशीनच्या डबीवर त्यांचे ओझे येऊ देऊ नये. आणि उन्हाळ्याच्या सुटीला शाळा बंद करताना सेल काढून घ्यावा. जुना सेल आत राहिला तर गळतो, पितळी पट्ट्या हिरव्या पडतात, आणि जूनमध्ये घंटा झाली तरी घड्याळ एप्रिलमधलीच वेळ दाखवीत बसलेले असते.