धाकट्याला कोण सांभाळतं?

मुलांना दुसऱ्याचं दुःख कळावं म्हणून आपण त्यांना गोष्टी सांगतो, शाळेत मूल्यशिक्षण देतो. ते असू द्यावं. पण माझ्या मते कळवळा खरा रुजतो तो कोणाची तरी निगा राखण्याचं काम अंगावर पडलं की. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं अंबादासपंत वैद्य बालगृह आहे. टाकून दिलेली दिव्यांग मुलं तिथं वाढली आणि वडील म्हणून बाबांचंच नाव लावतात. २०२४ साली बाबांना पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र तिथली घरगुती रीत अधिक मोलाची वाटते. ज्याला ऐकू येत नाही पण हातपाय धड आहेत, ते मूल अंथरुणाला खिळलेल्या भावंडाला भरवतं, त्याचं सगळं करतं. असं करायला व्याख्यान ऐकावं लागत नाही.

कोणी म्हणेल, ती संस्था आहे, तिथला नियम आपल्या घराला कसा लागू? तर केनियातल्या लुओ समाजाचं उदाहरण घ्या. तिथं काही घरांत मोठी बहीण नसल्यामुळे धाकट्यांना सांभाळण्यासारखी मुलींची कामं मुलांकडे आली होती. कॅरोल एम्बर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही मुलं इतर मुलांपेक्षा कमी भांडखोर आणि मदतीला अधिक तत्पर आढळली. स्वभाव जन्मतःच ठरतो म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो वऱ्हाडातच उभा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत आईबाप वावरात गेले, की थोरली पोरगी शाळा बुडवून धाकट्याला कडेवर घेते. ही जबाबदारीची शिकवण नव्हे, तिच्या शिक्षणावर पडलेला दरोडा आहे. शिवाय तिचा भाऊ तेवढ्या वेळात क्रिकेट खेळतो. ज्याला या कामाची गरज जास्त, नेमका तोच सुटतो. शाळा न बुडवता रोज अर्धा तास हे काम त्याच्याकडे द्यावं. अकोल्याच्या क्लासेसना वेळ पुरतो, तर याला का पुरू नये? घरात धाकटं कोणी नसेल, तर शेजारी डोळ्यांनी अधू झालेली एखादी आजी असतेच. तिला पेपर वाचून दाखवावा. पोरानं तो कंटाळत वाचला तरी चालेल.