दहा भोकांचे कार्ड
(जीर्णोद्धार सोहळ्याच्या सभेत केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे, तालुका कचेरीत कारकुनी करणारा मनुष्य. पण नाण्यांच्या कार्डाविषयी मीच चार शब्द बोलावेत असा समितीचा हुकूम झाला, म्हणून उभा आहे.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. देवळाचे छप्पर उडाले, आणि त्याच दिवशी नारळी-पोफळीच्या वाड्याही आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. ज्यांच्या जिवावर आपल्या वर्गण्या होत, त्यांच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन कोणत्या तोंडाने जावे?

तेव्हा मला पैसा फंडाची आठवण झाली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागितला. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिले आणि त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आपले देऊळ काही कारखान्याएवढे नाही!

कार्ड अगदी साधे. जाड पुठ्ठ्याला दहा भोके, मागे दुसरा पुठ्ठा, भोकात दहाचे नाणे दाबून वर चिकटपट्टी. कार्ड भरले की शंभर रुपये. दहाचे नाणे २७ मिलिमीटरचे, म्हणून भोक केसभर मोठे ठेवले. पहिली कार्डे खळीने चिकटवली, ती पावसाळी हवेत सुटली आणि नाणी पोरांच्या दप्तरात सांडली. मग कचेरीत फायली शिवतो तशी दाभणाने शिवली. (पुठ्ठे मात्र जुन्या वह्यांचे व लग्नपत्रिकांचे; कचेरीच्या फायलींना हात लावलेला नाही, हे येथे जाहीर सांगतो.) प्रत्येक कार्डाला नंबर, नंबराची नोंद वहीत.

काही दुकानदार 'दहाचे नाणे चालत नाही' म्हणतात. ते खोटे आहे. रिझर्व्ह बँकेने २०१८ सालीच सर्व चौदा नमुने चलनात असल्याचे स्पष्ट केले. उलट या अफवेचा आपल्याला फायदाच झाला, घरात पडून राहिलेली नाणी देवळाला मिळाली!

एक गोष्ट सांगणे भाग आहे. कोळीवाड्यातील एका मावशींचे कार्ड सहा नाण्यांवर परत आले. चार भोके रिकामी. "बाबा, मासळीच नाय गावली," एवढेच त्या म्हणाल्या. समितीत कोणी सुचविले, की भरलेलीच कार्डे जमा धरावीत, हिशेब सोपा जाईल. मी हट्टाने विरोध केला, आवाजही चढला, त्याबद्दल वडीलधाऱ्यांची क्षमा मागतो. पण वहीत साठ रुपये जमा आहेत, आणि या स्मरणिकेच्या यादीत हजारांच्या देणगीदारांबरोबरच मावशींचे नाव छापले आहे.

ज्यांची कार्डे अद्याप घरी आहेत त्यांनी ती, भरली असोत वा नसोत, रविवारी सभामंडपात आणून द्यावीत. मी वही घेऊन बसलेला असेन.