पोट भरू द्या, पण कशाने ते पाहा

(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांपुढे केलेले भाषण)

समितीने आम्हांस सांगितले की दरवर्षी धम्मावर व चळवळीवर व्याख्याने होतात, यंदा आरोग्यावर बोला. आम्ही आरोग्य खात्यातून निवृत्त झालेलो. डॉक्टर नाही, विद्वान तर नाहीच. पण सावदा-फैजपूरकडच्या खेड्यांतून तीस वर्षे फिरलो, घरोघरच्या चुली पाहिल्या. त्यातून जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो. विषय साधा आहे. वजन उतरावे, रक्तातली साखर ताब्यात राहावी, आणि तरी पोट भरलेले असावे, यासाठी काय खावे?

सुरुवात घरापासून करतो. आमच्या आईने १९७२ चा दुष्काळ पाहिला. दुष्काळी कामावर खडी फोडली, मुलांसाठी मिळालेली सुकडी पदरात बांधून आणली, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या. त्या बाईला पुढे चांगले दिवस आले तेव्हा ताट कधी रिकामे दिसू नये, ही एकच हौस तिला होती. भाताचा ढीग, वर वरण, आणि कोणी "पुरे" म्हटले की ती नाराज. साठीच्या आत तिला मधुमेह झाला. ती म्हणायची, "मी चहातली साखर सोडली ना, मग झालं." साखर सोडली, पण भात तेवढाच राहिला. पायाची संवेदना गेली होती, चपलेने झालेली जखम तिला कळलीच नाही. शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. दुसऱ्यांच्या घरी जाऊन रक्तदाब मोजणारे आम्ही, पण आपल्याच आईची साखर वेळेवर मोजून घेतली नाही. ही खंत मनात आहे, म्हणून आज उभे आहोत.

बंधू-भगिनींनो, भगवंतांच्या चरित्रात भोजनाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली आळवी गावच्या गरीब शेतकऱ्याची. त्याचा बैल हरवला, तो शोधत हिंडला आणि उपाशीपोटी धर्मश्रवणास आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले, आणि तो जेवल्यावरच उपदेश केला. दुसरी गोष्ट कोसल नरेश प्रसेनजिताची. संयुक्त निकायात ती आहे. राजा द्रोणभर भात जेवायचा आणि धापा टाकत भगवंतांकडे यायचा. भगवंतांनी त्याला रागावून उपाशी ठेवले नाही. जेवणात प्रमाण जाणावे एवढेच सांगितले. सुदर्शन नावाच्या एका तरुणाने तो उपदेश पाठ केला आणि राजा जेवायला बसला की तो म्हणून दाखवायचा. राजाचे जेवण हळूहळू द्रोणावरून नाळीभर मापावर आले, अंग हलके झाले, आणि भगवंतांनी आपले दोन्हीकडे कल्याण केले असे तो म्हणाला.

आमच्या आईच्या एकाच आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. तरुणपणी ती आळवीच्या शेतकऱ्यासारखी होती, म्हातारपणी प्रसेनजितासारखी. आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत हेच घडले आहे. म्हणून कोणी जाड माणसाला हसू नये. ज्यांच्या आजा-पणजाने पोटभर अन्न पाहिले नाही, त्यांना भरले ताट प्यारे असणारच. पण ताट कशाने भरले आहे, हे पाहण्याची वेळ आता आली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. हा आता शेठ-सावकाराचा आजार राहिलेला नाही.

कोणी म्हणेल, मी तर सडपातळ आहे, मला काय भीती? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की आपल्याकडचा माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते, आणि ते जन्मापासूनच तसे असते. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या व बाईची ८० च्या वर गेली असेल तर सावध व्हावे. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असली तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. १२६ किंवा त्याहून जास्त, आणि पुन्हा तपासल्यावरही तीच, म्हणजे मधुमेह.

आता साखर वाढते कशी? भात, भाकर, पोळी, पोहे, साबुदाणा या सगळ्यांतल्या पिठूळ पदार्थाची पोटात साखरच होते. जिभेला गोड लागो वा न लागो. जे बारीक दळलेले, पॉलिश केलेले, मऊ शिजलेले, ते लवकर रक्तात उतरते. साखर भराभर चढते, मग उतरते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. ज्यात तंतू आहेत, प्रथिने आहेत, चावावे लागते, ते पोटात जास्त वेळ राहते. साखर हळू चढते आणि भूकही उशिरा लागते. १०० ग्रॅम तांदळात प्रथिने साधारण ८ ग्रॅम, ज्वारीत १०, आणि डाळी-कडधान्यांत २० च्या आसपास किंवा अधिक. तंतू तांदळात ३ ग्रॅमच्या आत, ज्वारीत १० च्या जवळ. एवढ्यावरून ताटाचा हिशेब कळावा.

१९९५ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठात एक मजेशीर प्रयोग झाला. ३८ पदार्थ घेतले. प्रत्येकातून सारखीच, म्हणजे २४० कॅलरी ऊर्जा मिळेल एवढाच भाग खायला दिला आणि दोन तास भूक किती भागली ते विचारले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, लोण्याच्या खुसखुशीत पावाला अवघे ४७. ज्यात पाणी, तंतू व प्रथिने जास्त, ते पुढे. ज्यात तेल-तूप जास्त, ते मागे. पण इथे एक गफलत करू नका. बटाट्याने पोट भरते हे खरे, मात्र रक्तातली साखरही तो लवकर वाढवतो. आपल्याला दोन्ही परीक्षांत पास होणारे अन्न पाहिजे. ते कोणते? कडधान्याची उसळ, घट्ट वरण, पालेभाजी, फळभाजी, अंडी, मासे, बिनसाखरेचे दही-ताक.

आता आपल्या खान्देशाकडे या. यातले बहुतेक आपल्या घरातच आहे! कळण्याची भाकर पाहा. ज्वारीत उडीद मिसळून दळायचे हे आपल्या आज्यांना कोणी डॉक्टरने शिकवले नव्हते. धान्यात कडधान्य आले की प्रथिने वाढली, पोट दुपारपर्यंत धरून राहिले. अंबाडीची भाजी, मेथी, पोकळा, गिलके, दोडके, मटकीची उसळ, उडदाची डाळ हे सगळे गरिबाचे म्हणून आपण मागे सारले. पाहुणा आला की शेवभाजी आणि भात. शेवभाजीत शेव तळलेली, वर तेलाची तर्री. बट्टीही तळलेली. सणावारी खा, आमची ना नाही. रोजचे ताट मात्र वेगळे असू द्या. आपल्या भरताच्या वांग्याला तर २०१६ साली जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे. भरीत उत्तम, फक्त तेलाचा हात आवरा. वांगे भाजलेलेच असते, त्याला तेलात पोहायला लावू नका.

पण एक सांगून ठेवतो. भाकर म्हणजे औषध नव्हे. "ज्वारी चांगली" म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. चाराच्या दोन करा, आणि त्या जागी वाटीभर उसळ व दोन वाट्या भाजी वाढवा. पीठ चाळून कोंडा फेकू नका.

काही घरांतून आम्हांस ऐकावे लागते, "ताई-भाऊ, रेशनला गहू-तांदूळ मिळतात, ज्वारी विकत घ्यावी लागते. उसळ-अंडी रोज कुठून आणायची?" हे खरे आहे, आणि त्याची थट्टा आम्ही करणार नाही. रेशनचा तांदूळ टाकून द्या असे कोण म्हणेल? भात करा, पण प्रत्येकाला वाटीने मोजून वाढा. वरणात डाळ दाट घाला, त्यातच पालक, दोडके, जे स्वस्त असेल ते टाका. मूठभर मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी घरभर उसळ होते. अंडे महाग पडत असेल तर रोज नको, दोन दिवसांआड एक खा.

ताटाचा नियम लहान मुलाला कळेल असा आहे. अर्धे ताट भाजी-कोशिंबीर. पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासे. उरलेले पाव भाकर अथवा भात. आणि खाण्याचा क्रम बदला. आधी भाजी व उसळ, भाकर-भात शेवटी. अमेरिकेत २०१५ साली अकरा मधुमेही रुग्णांवर हे करून पाहिले, तेव्हा तेच जेवण असूनही जेवणानंतरची साखर कमी चढली. प्रयोग लहान होता, पण करून पाहायला पैसा लागत नाही. सावकाश जेवा. पोट भरल्याची वर्दी मेंदूला पोचायला वीसेक मिनिटे लागतात. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाला. विहारापर्यंत येऊन परत गेलात तरी चालेल.

आता केळी! सावद्यात राहून केळीचे नाव न घेता कसे चालेल? मधुमेह्याने केळी खावी का, हा प्रश्न आम्हांस शंभर वेळा विचारला गेला. केळी जितकी पिकत जाते तितकी तिच्यातल्या पिठाची साखर होत जाते. म्हणून काळे डाग पडलेली नको, नुकती पिकलेली, लहान, एखादी. ती जेवणावर नको, मधल्या वेळी, सोबत मूठभर शेंगदाणे. ज्यांची साखर ताब्यात नाही त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. साखर घातलेले शिकरण व केळीचे वेफर मात्र कुणालाच रोजचे नकोत.

आणि चहा. दिवसात सहा कप, कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरा. रोजचे ६० ग्रॅम, महिन्याचे १ किलो ८०० ग्रॅम, एकट्या माणसाचे! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे उत्तम. आठवड्याला अर्धा-अर्धा चमचा कमी करा, प्रसेनजिताने केले तसे. जिभेला महिन्यात सवय होते.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वर्षावासात आपल्या कित्येक उपासिका उपोसथ धरतात, अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. श्रद्धा मोठी आहे. पण ज्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. गोळी घेतली आणि जेवण चुकले तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. असे झाले तर शुद्धीवर असताना लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, आणि थोड्या वेळाने काही खायला द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे. तसेच गोळ्या मनाने बंद करू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी डाळी किती खायच्या ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गरोदर बाईने व वाढत्या मुलांनी वजन उतरवण्याच्या भानगडीत पडू नये.

उपासाने शरीर झिजवणे हा आपला मार्गच नव्हे. सिद्धार्थाने कठोर देहदंडन करून पाहिले, ते सोडले, आणि सुजातेची खीर घेतली. ती खीर उपाशी, सुकलेल्या देहाला होती, हे ध्यानात घ्या. आपण भरल्या पोटावर तीन वाट्या घेतो आणि सुजातेचे नाव सांगतो!

आपल्या बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ साली, राज्यघटनेचे काम चालू असताना, त्यांची प्रकृती फार बिघडली होती. पुढची वर्षे माईसाहेबांनी त्यांचे पथ्यपाणी व औषधोपचार सांभाळले. अशा देहाने त्यांनी घटना पूर्ण केली, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला धम्म दिला, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला, आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. त्यांच्या काळात आजच्यासारखी औषधे नव्हती, घरी साखर मोजायचे यंत्र नव्हते. आपल्याला सगळे उपलब्ध आहे. तरी आपण पाय काळा पडेपर्यंत थांबलो, तर दोष कुणाचा?

शेवटी समितीला एक विनंती करून थांबतो. आज भाषणे संपल्यावर भोजनदान आहे. पुढच्या वर्धापनदिनापासून पंगतीत आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर व मटकीची उसळ वाढावी, भात नंतर, आणि खीर लहान वाटीने. कोणी नको म्हटले तर त्याला आग्रह करू नये. सकाळी परित्राण पाठाआधी एका टेबलावर साखर तपासणी ठेवावी. सुईचा खर्च पहिल्या वर्षी आम्ही देऊ. आईसाठी जे वेळेवर केले नाही, ते निदान इथे तरी व्हावे.

जय भीम! नमो बुद्धाय!