निकाल अजून उभा आहे काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी गाण्यांवर किंवा पाककृतींवर बोलावे अशी आपली रीत. मी मात्र कोर्टाचे निकाल कसे शोधावेत ते सांगणार आहे. कंटाळा आल्यास खुशाल विणकाम काढा, पण कान इकडे असू द्या.

गेल्या दिवाळीपूर्वी आपल्यांतील एक बाई मजकडे आल्या. माहेर गेवराई तालुक्यातले, जमीन वडिलार्जित, कोरडवाहू. वडील २००३ साली वारले आणि सातबाऱ्यावर भावांची नावे लागली. आता भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठविला होता. सोबत कोणा जाणकार म्हणविणाऱ्या गृहस्थाने दिलेला छापील निकाल होता : ‘प्रकाश विरुद्ध फुलवती’, सर्वोच्च न्यायालय, १६ ऑक्टोबर २०१५. दुरुस्त कायदा ज्या दिवशी लागू झाला, त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असतील तरच मुलीला त्याचा लाभ, असे त्यात होते. “मग आता सही करावीच लागणार ना हो?” बाईंनी विचारले.

कागद अगदी खरा होता, आणि तीच अडचण होती.

पूर्वी असे काही पाहावयाचे तर नागपूरहून निघणारे ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जाडजूड खंड उघडावे लागत, आणि ते असत वकिलांच्या ग्रंथालयात; तेथे आपल्याला कोण बसू देणार? वर्गणी भरून पाहावयाचे संगणकीय संग्रह आहेत, त्यांची वर्गणीही आपल्या आवाक्यातली नव्हे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीपासून आपले निकाल ‘ई-एससीआर’वर सर्वांस फुकट खुले केले आहेत, आणि ‘इंडियन कानून’ हे संकेतस्थळही फुकट आहे. आम्ही दोघी वाचनालयातील संगणकापाशी बसलो. पक्षकारांची नावे इंग्रजीत घालताच निकाल समोर आला. शब्द न शब्द तोच!

येथे बहुतेक माणसे उठतात. आम्हीही उठणारच होतो. पण ‘इंडियन कानून’वर निकालाच्या माथ्याशी, पुढे कोणकोणत्या निकालांनी त्याचा उल्लेख केला त्यांची यादी उघडता येते. ती उघडली, आणि ११ ऑगस्ट २०२० चा ‘विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ हा तीन न्यायमूर्तींचा निकाल सापडला. मुलगी जन्मानेच हिस्सेदार होते, वडील त्या तारखेस हयात असण्याची गरज नाही, असे त्यात स्पष्ट आहे. आणि फुलवतीचा दोन न्यायमूर्तींचा निकाल नाव घेऊन रद्द ठरविला आहे. पाच वर्षे देखील तो टिकला नव्हता! बरे, जुना कायदा धरला तरी वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीचा हिस्सा १९५६ पासून होताच. तो त्या गृहस्थांना कसा दिसला नाही कोण जाणे.

आनंदाच्या भरात बाई तेथेच थांबू पाहत होत्या. मी पुढे वाचावयास लावले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमनाम्याने वाटणी झाली असेल तर ती मोडत नाही. नुसती तोंडी वाटणी झाली होती असे कोणी म्हणाले, तर ते सहजी मानले जात नाही. तेव्हा माहेरी असा दस्त झाला होता काय, हे दुय्यम निबंधकाकडे पाहणे आले. संगणक ते सांगत नाही.

निकालांची नावे व तारखा एका कागदावर लिहून आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेलो. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन करावयाचा असेल तर क्रमांक १५१००, लिहून घ्या.

दस्ताचा शोध अजून चालू आहे. बाईंनी मसुदा सही न करता परत धाडला. भाऊबीजेला मात्र त्या गेल्या. ओवाळणीत काय पडले ते मी विचारले नाही.