कंबरेचा आतला पट्टा



शिरूर-दौंड भागात कांद्याची लागण सुरू झाली की संध्याकाळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "कंबर धरलीय बाई." दिवसभर वाफ्यात वाकायचं, घरी येऊन धारा काढायच्या, वैरणीचा भारा उचलायचा. रांजणगाव, कुरकुंभच्या कंपन्यांत तासन् तास उभ्या राहणाऱ्या जणींचंही तेच. मग मेडिकलमधून गोळी आणायची, नाहीतर कंबरेला पट्टा बांधायचा. तीन महिने उलटले तरी न थांबणाऱ्या अशा दुखण्याबद्दल आज बोलू.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये या दुखण्यासाठी सूचना काढल्या. व्यायाम करा, पट्टा नेहमीचा उपचार म्हणून वापरू नका, असं त्यात आहे. पट्टा आपल्या आत आहेच की! कामाला लागताना आपण पदर कंबरेला गुंडाळून खोचतो ना, तसा पोटाचा सर्वांत आतला स्नायू पाठीपासून पुढे वेढा घालतो. १९९६ साली ऑस्ट्रेलियात पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी पाहिलं, की निरोगी माणसाचा हात हलण्याआधीच हा स्नायू आवळतो. कंबरदुखी असलेल्यांमध्ये तो उशिरा जागा होतो. त्याला पुन्हा वेळेवर उठायला शिकवायचं, एवढाच हा व्यायाम.

"सिझरच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली," असं आम्ही फार ऐकतो. सुईची जागा काही दिवस दुखते, पण वर्षानुवर्षांचं दुखणं तिच्यामुळे होत नाही. नऊ महिने ताणलेलं पोट बाळंतपणानंतर सैलच राहतं, त्याकडे कुणी बघत नाही. सुईला बोल लावून आपण मोकळ्या होतो.

सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवा. श्वास सोडताना बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. श्वास रोखायचा नाही, बोलता आलं पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. आठवडाभरात जमलं की त्याच स्थितीत पोट आवळून कंबर वर उचला. मग फरशी पुसताना होतो तसं हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे लांब करा, नंतर उलट बाजू. पाठीवर भरलेला तांब्या ठेवलाय असं समजा, तो सांडता कामा नये. हा प्रकार अवघड आहे, सुरुवातीला तोल जातोच. रोज दहा मिनिटं, निदान सहा ते आठ आठवडे करा. यात जादू नाही. रोजचं चालणंही कंबरेला मानवतं. अंथरूण धरून पडून राहणं मात्र मानवत नाही.

गरोदर असाल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पायातली ताकद गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर व्यायाम नको, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ताप, पडल्यानंतरचं दुखणं, कारण नसताना उतरलेलं वजन, हेही दाखवून घ्या.

भारा उचलताना आधी श्वास सोडून पोट आत घ्या, भारा अंगाजवळ धरा, मग उठा. आणि वाफ्यात अर्ध्या तासाने एकदा उभ्या राहा, हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे झुका. मुकादम बघतोय म्हणून लाजू नका, शेजारणीलाही उठवा.