आरएक्स १०० : जुन्या गाडीचा खरा हिशेब

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय कळवला तेव्हा मला हसू आलं. "शेती, शिक्षण, आरोग्य यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. तू आरएक्सवर बोल," असं ते म्हणाले. त्याला कारण आहे. आपल्या बॅचचे चार जण कुठंही जमू देत, लग्नात, सावडायला, नाहीतर नागज फाट्यावर चहाला, अर्ध्या तासात विषय आरएक्स १०० वर येतो आणि वाद पेटतो. एक गट म्हणतो, असली गाडी पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, धूर ओकणारं भंगार आहे, विकून मोकळे व्हा. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे वर्ग घेतो, आणि घरी १९९४ सालची एक आरएक्स आहे. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब मी मांडावा, अशी आज्ञा झाली. सर आणि बाई समोर बसलेत, त्यामुळे हिशेब चुकवायची सोय नाही.

पहिल्यांदा थोडा इतिहास. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा, १९८४ ते १९८६ या काळात, जपानच्या चार कंपन्या भारतीय भागीदार घेऊन शंभर सीसीच्या मोटारसायकली घेऊन आल्या. सुझुकी टीव्हीएसबरोबर, होंडा हीरोबरोबर, कावासाकी बजाजबरोबर आणि यामाहा एस्कॉर्ट्सबरोबर. तोपर्यंत आपल्याकडं मोटारसायकल म्हणजे बुलेट, येझदी नाहीतर राजदूत. जड गाड्या, आणि त्यांचं सगळं निवांत. त्यात १९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली. सुरुवातीला तिचे भाग जपानहून यायचे आणि इथं जुळणी व्हायची. म्हणून आजही जुन्या भागावर जपानचा छाप दिसला की आपले मित्र देव्हाऱ्यातल्या टाकासारखा तो पुसून ठेवतात.

१९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. धुराचे नियम कडक होत चालले होते. तिची भावंडं, आरएक्सजी आणि आरएक्स १३५, पुढं काही वर्षं चालली. म्हणजे आरएक्स १०० जेमतेम अकरा वर्षं बनली. आणि त्या अकरा वर्षांत आपल्या तालुक्यात ती घेणं किती जणांना परवडत होतं? आपण दुष्काळी भागातली पोरं. म्हैसाळ योजनेचं पाणी अजून यायचं होतं. आपण शाळेला चालत, सायकलवर नाहीतर एसटीनं यायचो. सर, तुम्हीसुद्धा सायकलवरच यायचा. पुढं पाणी आलं, द्राक्षबागा वाढल्या, बेदाण्याची शेडं उभी राहिली, कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात जाऊन स्थिरावला. हातात पैसा आला तेव्हा कंपनीत आरएक्स मिळत नव्हती. त्यामुळं या मांडवातल्या बहुतेकांची आरएक्स जुन्या बाजारातली, दुसऱ्या-तिसऱ्या हातची आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता पहिल्या गटाची बाजू. ती आपला एक बागायतदार मित्र नेहमी मांडतो. तो म्हणतो, "गाडी उचलून बांधापलीकडं ठेवता आली पाहिजे." अगदी उचलत नसला तरी मुद्दा बरोबर आहे. आरएक्सचं वजन शंभर किलोच्या आसपास आणि ताकद ११ अश्वशक्ती. त्याच काळातली हीरो होंडा सीडी १०० साधारण साडेसात अश्वशक्तीची होती. इंजिन जवळपास तेवढंच, ९८ सीसी. मग ही जास्तीची ताकद कुठनं आली?

ती टू-स्ट्रोक या प्रकारातून आली. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो. त्यात फोर-स्ट्रोकसारखे वॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्याच त्या उघडतो आणि झाकतो. भाग कमी, वजन कमी, ताकद जास्त. म्हणून मूठ पिळली की गाडी बुंगाट पळायची. आणि बिघडली तर चिंचेच्या सावलीत प्लग पान्यानं प्लग काढायचा, पुसायचा, गॅप बघायचा, लावायचा, किक मारायची. आजच्या गाडीत सेन्सर गेला की टेम्पो बोलवावा लागतो. बागायतदार मित्राचं म्हणणं असं, की ज्या यंत्राचं पोट मालकाला कळतं, ते यंत्र मालकाचं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी टू-स्ट्रोक अजूनही उघडून दाखवतो, ते याच कारणासाठी.

आता दुसरी बाजू. ती मांडतो आपला मिरजेचा गॅरेजवाला मित्र. त्याच्या हाताखालून अशा गाड्या वर्षानुवर्षं जातायत, त्यामुळं त्याचं प्रेम जरा कोरडं आहे.

त्याचा पहिला मुद्दा धुराचा. सिलिंडरच्या ज्या खिडक्यांचं मी कौतुक केलं, त्यांतली आत येण्याची आणि बाहेर जाण्याची, दोन्ही खिडक्या काही क्षण एकदम उघड्या असतात. तेवढ्यात न जळलेलं पेट्रोल थेट सायलेन्सरमधून बाहेर जातं. शिवाय इंजिनाला वंगण म्हणून दिलेलं ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. निळा धूर होतो तो त्याचा. ज्या वासानं आपल्याला कॉलेजचे दिवस आठवतात, तो वास म्हणजे वाया गेलेलं इंधन आहे. म्हणून तर हीरो होंडा त्याच पेट्रोलमध्ये जवळजवळ दुप्पट अंतर कापायची.

दुसरा मुद्दा ऑइलचा. आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी आणि पंप वेगळा. टाकी रिकामी राहिली की पिस्टन चिकटला. घाटात मूठ बंद करून गाडी सोडली तर चाकाच्या जोरावर इंजिन फिरत राहतं, पण ऑइल कमी मिळतं. म्हणून आंबा घाट उतरताना जाणते लोक मधून मधून मूठ थोडी देतात. पिस्टन चिकटला की बोअर करून मोठा पिस्टन टाकायचा, पाव मिलिमीटर, मग अर्धा, मग पाऊण. असं करत शेवटी सिलिंडरच संपतो. आता अस्सल भाग दुर्मीळ आणि नकली मुबलक. त्यात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय. ऊस पिकवणारे आपणच, त्यामुळं इथेनॉलविरुद्ध बोलायची चोरी! पण त्या काळचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरची पॅकिंग या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती, हे खरं आहे.

तिसरा मुद्दा कागदांचा. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीचं हे शुल्क ३०० रुपयांवरून १००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी २००० झालं. वर हरित कर, विमा, पीयूसी. कितीतरी आरएक्स गोठ्यात चकाचक उभ्या आहेत, पण कागद मेलेले आहेत.

चौथा मुद्दा ब्रेकचा. त्याच्याकडं मी नंतर येतो.

या दोघांच्या मधे आपला दक्षिणेत गलाई दुकान असलेला मित्र बोलतो. तो म्हणतो, "अरे, किंमत बघा की! तिकडं आरएक्ससाठी लोक रांग लावतात." खरं आहे. केरळ, कर्नाटकातही या गाडीचा नाद आपल्याइतकाच आहे. पण सोन्यात मुरलेल्या माणसाला मी काय सांगावं? भाव वाढला म्हणून कस वाढत नाही. उलट भाव वाढला की चोर येतात. जुनी आरएक्स घेताना आधी चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून बघा. नंबर घासलेला दिसला तर गाडी कितीही देखणी असू दे, सरळ घरी या.

असा वाद गेल्या दिवाळीत रंगला असताना आपल्या एका मैत्रिणीनं एकच प्रश्न विचारला आणि सगळे गप्प झाले. ती म्हणाली, "तुमचं कौतुक झालं असेल तर माझं ऐका. माझा मुलगा बारावीला आहे, सतरा वर्षांचा. त्याच्या मामाच्या गोठ्यात आरएक्स उभी आहे. मामा म्हणतोय, भाच्याला देऊन टाकतो. घेऊ का नको?"

मित्रांनो, आपण तीस वर्षं वाद घातला, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आज मला खरं बोलायचंय ते यावर.

आपल्या विज्ञानाच्या सरांनी गतिज ऊर्जा शिकवली होती. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. म्हणजे ताशी ३० किलोमीटरला ब्रेक दाबल्यावर गाडी जेवढ्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर ६० ला लागतं आणि नऊपट ९० ला. आरएक्स ९० ला सहज पोचते. आणि तिला थांबवायला काय आहे? पुढं-मागं साधे ड्रम ब्रेक, अरुंद टायर. टू-स्ट्रोक असल्यामुळं मूठ सोडल्यावर इंजिनही गाडीला फारसं आवरत नाही. पळायची ताकद एका काळाची आणि थांबायची त्याहून जुन्या काळाची, असं हे यंत्र आहे. १९९० मध्ये मिरज-पंढरपूर रस्त्यावर मोकळ्या वेळी ते खपून गेलं. आता तिथं रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहे. समोरच्या मोटारीला डिस्क ब्रेक आणि एबीएस आहे. ती जागच्या जागी थांबते, आणि मागची आरएक्स थांबत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्यावरच मिळतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. म्हणजे मामाची माया मामाच्याच गळ्याशी यायची.

म्हणून ताई, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. गाडी घे, पण चावी वर्षभर तुझ्याकडं ठेव. तोवर मुलाला मामाबरोबर गाडी उघडायला बसव. त्याला कार्बोरेटर धुऊ दे, ब्रेक लायनर बदलू दे, सायलेन्सरचा कार्बन काढू दे, ऑइल पंपाची केबल जुळवू दे. अठरा पूर्ण झाले, लायसन्स आलं, हेल्मेट आलं, कागद जिवंत झाले, की मग चावी दे. तोपर्यंत त्याला गाडी कुठं कमी पडते हे कळलेलं असेल. ते कळलेला मुलगा तिला महामार्गावर रेटणार नाही.

आणि आपल्या बॅचच्या मालकांना हात जोडून सांगतो. पुंगळी काढून गाडी ओरडवू नका. सायलेन्सरची आतली नळी काढल्यानं ताकद वाढत नाही, गावच्या म्हाताऱ्यांची झोप तेवढी उडते. पोरांसमोर आपल्या वेगाच्या गोष्टी सांगताना ब्रेकची गोष्टही सांगा. आपण ऐंशी-नव्वदनं कवठ्याहून मिरजेला गेलो हे आपण रंगवून सांगतो. वाटेत कितीदा थोडक्यात वाचलो, ते गाळतो. ऐकणारं पोर अर्धीच गोष्ट घेऊन निघतं.

मग निकाल काय? वाद घालणारे दोघेही खरं बोलतात. बागायतदार मित्र १९९४ च्या गाडीबद्दल बोलतो आणि गॅरेजवाला मित्र आजच्या रस्त्यावरच्या गाडीबद्दल. आरएक्स रोजच्या कामाला, लांबच्या पल्ल्याला, घरच्या एकमेव गाडीसाठी आता योग्य नाही. ज्यांच्याकडं वेळ आहे, कागद नीट आहेत आणि जे सकाळी गावापासून मळ्यापर्यंत बेतानं जातात, त्यांनी ती जरूर ठेवावी. ज्यांच्या गोठ्यात ती नुसती गंजतेय, त्यांनी ती आमच्या आयटीआयसारख्या ठिकाणी द्यावी, पोरं शिकतील.

माझी आरएक्स मी आज आणलेली नाही, कारण तिचे ब्रेक लायनर उतरवलेत. जेवणानंतर ज्यांना आपापल्या गाड्या दाखवायच्या आहेत, त्यांनी पटांगणाच्या बाजूला उभ्या कराव्यात. मी पाना आणलाय. ब्रेक फुकट तपासून देईन, आणि ज्यांच्या गाडीला पुंगळी नसेल, त्यांची नावं सरांना सांगेन.